डावी लाथ

आमच्या जव्हारच्या घरी पडवीत पिनबॉलचं मशीन होतं. हे सांगितलं की ऐकणारा माझ्याकडे संशयाने बघतो. म्हाताऱ्याने कुठेतरी ऐकलंय आणि आता स्वतःचं म्हणून सांगतोय, असं त्याच्या तोंडावर दिसतं. बघू द्या. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, पुढे पिठाची गिरणी चालवली, खोटं बोलायला लागावं असं काही मला आयुष्यात मिळवायचं नव्हतं. मशीन होतं आणि त्याची डावी लाथ बिघडली होती. त्या लाथेपायी आमच्या घरात एक सबंध हिवाळा धड गेला नाही.

मशीन माझ्या थोरल्या भावाचं. दादा मुंबईत एका क्लबात कामाला होता. खेळायच्या खोलीतली टेबलं पुसायची, चेंडू-काठ्या जागच्या जागी ठेवायच्या, साहेब लोकांना पाणी द्यायचं. त्या खोलीच्या कोपऱ्यात हे मशीन. ऐंशीच्या पुढेमागे तिथे टीव्हीसारख्या पडद्यावरचे खेळ आले आणि याच्याकडे कुणी फिरकेना. त्याच पावसाळ्यात दादाला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय महिनाभरात बराचसा परतला, हात मात्र तसाच लोंबत राहिला. क्लबाने त्याला घरी पाठवलं आणि जाताना हे मशीनही दिलं. आमच्याकडचा एक ट्रक गवताच्या गाठी मुंबईला उतरवून रिकामा परतत होता, त्यात दोघं आले. उतरताना दादा म्हणाला, "बघ रे, क्लबातलं सगळं मोडकं सामान एका खेपेत पोचलं." ट्रकवाला हसला. वहिनी हसली नाही.

ज्यांनी ते मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार पायांवर उभी, पुढे उतरती अशी लांबट पेटी, वरून काच. आत लोखंडाची एक गोळी. दांडी ओढून सोडली की गोळी वर जाते आणि दिवे पेटवत, घंट्या वाजवत, खुंट्यांना आपटत खाली येते. खाली तोंडाशी दोन आखूड हात असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. पेटीच्या दोन्ही कुशीला एकेक बटण. बटण दाबलं की त्या बाजूचा हात उसळतो आणि गोळीला परत वर धाडतो. चुकलं तर गोळी दोन हातांच्या मधून पोटात जाते, संपलं. दादा त्यांना क्लबातल्या शब्दाने फ्लिपर म्हणायचा. आमच्या घरात त्यांचं नाव लाथा पडलं. डावी लाथ, उजवी लाथ.

मशीन आलं तेव्हा दोन्ही लाथा कडक होत्या. दादाने मशीन पडवीत लावून घेतलं ते करमणुकीसाठी नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरने त्याला सांगितलं होतं की हाताला काम द्या, बोटं हलती ठेवा. म्हणून रोज सकाळी वहिनी त्याचा डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत मोहाच्या बियांच्या तेलाने चोळायची, चांगला अर्धा तास, आणि मग दादा तसाच उठून मशीनपुढे उभा राहायचा. उजवा हात उजव्या बटणावर ठेवायचा. डावा हात उजव्याने उचलून डाव्या बटणावर आणून ठेवायचा. मग खेळायचा. आधी नुसतंच बटणावर बोट टेकायचं. दिवाळीच्या सुमाराला बटण आत जायला लागलं. लाथ उडाली त्या दिवशी वहिनीने देवापुढे साखर ठेवली, आणि मशीनला मात्र म्हणाली, "मेली सवत कामाला आली म्हणायची."

या सगळ्यामागे दादाचं एकच होतं. बोहाडा.

आमचं मूळ गाव मोखाड्याच्या अंगाला. तिथे होळीनंतर बोहाडा होतो, देवांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे बांधून संबळाच्या तालावर नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं. आमच्या घराकडे त्राटिका. बापाने नाचवली, बापानंतर दादाने. मुंबईहून काहीही करून तो त्या दिवसांत गावात हजर असायचा. त्राटिकेचा मुखवटा मोठा आणि जड. डोक्याला फडक्याने कितीही आवळला तरी नाचताना कलतो, म्हणून उजव्या हातात तलवार आणि डावा हात मुखवट्याच्या कडेला, असं नाचावं लागतं. डावा हात नसेल तर त्राटिका नाही.

आणि आमच्या गावात रीत अशी की होळीआधी बैठक बसते, तिथे प्रत्येक घराने सांगायचं, यंदा सोंग कोण बांधणार. एकाने उतरवून दुसऱ्या भावाला दिलं की दिलं. पुढच्या वर्षी बरा झालो म्हणून परत मागता येत नाही. दादाने उतरवलं असतं तर ते माझ्याकडे आलं असतं. मला हवं होतं का, असं कुणी विचारलं तर हो, हवं होतं. त्या घरात जन्मलेल्या कुणाला नको असेल? पण दादाच्या हातून ओढून नको होतं.

नाताळाच्या सुमाराला जव्हारला थंडी पडते. वरचं गाव, वारा सुटला की अंगाला झोंबतो. त्या दिवसांत डावी लाथ मंदावली. दादा बटण दाबायचा, लाथ अर्धी उठायची आणि गोळीला नुसतं ढकलल्यासारखं करायची. गोळी थोडी वर जायची आणि परत खाली. उजवी तशीच ठणठणीत.

"मशीन बिघडलं," दादा म्हणाला.

यंत्राचं काही निघालं की ते माझं. गिरणी घराला लागूनच होती, मधे नुसता कूड, कारवीची सारवलेली भिंत. तिचा पट्टा, तिचे बेअरिंग, तिची मोटर, कशालाही मी बाहेरचा माणूस लावला नव्हता. मी तेलाची बुधली घेऊन आलो. गिरणीत काहीही कुरकुरलं की पहिला तेलाचा थेंब, ही माझी सवय.

दादा ओरडला, "तेल आणू नकोस! क्लबातला मिस्त्री सांगायचा, याच्या पोटात तेलाचा थेंब गेला की मशीन मेलं. तेलावर धूळ बसते, मग सगळं चिकटतं."

"मग लोखंडावर लोखंड घासणार कसं?"

"कोरडंच घासतं ते. ठेव ती बुधली तिकडे."

ठेवली. मनात म्हटलं, मुंबईत टेबलं पुसून आलाय आणि मला यंत्र शिकवतोय. पण ठेवली.

काच सरकवून काढली, गोळी धावते ती फळी उचलून खाली काठीचा टेकू दिला. खालून बघितलं तर वायरींचं जाळं, पण लाथेची कळ साधी. तांब्याच्या तारेचं गुंडाळं, त्याला दादा कॉइल म्हणायचा. त्यात वीज गेली की एक लोखंडी दांडू आत खेचला जातो, दांडू लाथेला ओढतो, लाथ उठते. वीज तोडली की स्प्रिंग तिला जागेवर आणते. मी डाव्या बाजूची एकेक गोष्ट उजव्या बाजूशी ताडून बघितली, कारण उजवी नीट होती, मग डावी तिच्यासारखी का नाही एवढंच शोधायचं होतं. कॉइलचा एक स्क्रू सैल होता, आवळला. दांडू काढून बघितला, टोकाला चेपलेला नव्हता. ज्या नळीतून तो सरकतो ती पुसली, कोरड्या फडक्याने. लाथ पूर्ण उठली की दोन बारीक पत्र्या एकमेकींपासून सुटतात, म्हणजे कॉइल जळू नये. त्या आधीच सुटत असतील तर लाथ अर्ध्यावर दम टाकते. त्याही बघितल्या, उजवीसारख्याच होत्या. दोन दिवस गिरणी संध्याकाळी लवकर बंद करून मी हे केलं. दळण घेऊन आलेल्या बायका पडवीत डोकावून जायच्या. एक जण म्हणाली, "नागली इथं दळायची का आता?"

फळी खाली केली, मशीन चालू केलं, मी स्वतः डावं बटण दाबलं. लाथ कडक उडाली. पुन्हा दाबलं, पुन्हा कडक. दादाने दाबलं. अर्धी.

मी दाबलं. कडक.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मशीनला काही झालेलं नाही दादा. हात आहे."

अशा वेळी शब्द गोल करून बोलायचा असतो हे मला कळतं, पण जमत नाही. जे दिसलं ते बोललो. दादाने डावा हात उजव्या हाताने बटणावरून उचलला, पोटाशी घेतला आणि आत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी तेलाची वाटी शेकून घेऊन आली तर त्याने हात पुढे केला नाही. म्हणाला, "कशाला? एवढे महिने चोळलं, जे आलं होतं तेही चाललं. बैठकीला मी येत नाही. त्राटिका बारक्याला सांगून टाक." बारक्या म्हणजे मी. नातवंडं झाली तरी मी त्याचा बारक्याच.

वहिनीने वाटी खाली ठेवली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "भावजी, काय बोललात तुम्ही त्यांना?"

"खरं बोललो. मी दाबतो तेव्हा चालतं, तो दाबतो तेव्हा चालत नाही. यात दुसरं काय निघतं?"

"तुम्हांला सोंग पाहिजे म्हणून निघतं का ते?"

हे मला लागलं. आम्ही तीन-चार दिवस बोललो नाही. जेवण माझ्या बायकोच्या हातून यायचं, तेही न बोलता. मशीनवर गोधडी घातली गेली. माझंही म्हणणं असं की एकदा बघून सांगितलंय, आता परत उघडणार नाही. कुणी काहीही म्हणो.

एक सकाळ अशी की वारा फार होता आणि गिरणीचा कोंडा उडून पडवीभर झाला होता. वहिनी झाडत होती. गोधडी झटकायला तिने मशीनवरून काढली. मी कुडापलीकडे पट्टा चढवत होतो, मला तिची बोलणी ऐकू येत होती. मशीनलाच बोलत होती. "एवढं घरात आणून ठेवलं, एवढी जागा खाल्लीस, आणि माझ्या माणसाला लुळा ठरवलंस." मग खटका ऐकू आला. तिने मशीन चालू केलं होतं. त्या मशीनला तिने तोवर कधी हात लावला नव्हता. मग एक लाथ उडाल्याचा आवाज. ठण्ण. मग दुसरा आवाज, पुसट.

"भावजी, इकडे या."

मी गेलो नाही.

"या म्हणते ना. हे बघा."

गेलो. तिने उजव्या बटणावर एक बोट टेकवलं. हळूच, चुलीवरचं भांडं तापलंय का बघतात तसं. उजवी लाथ कडक उडाली. मग डाव्या बटणावर तेच बोट, तसंच हळूच. डावी अर्धी उठली.

"माझ्या हाताला झटका आलाय का?" वहिनी म्हणाली.

"जोराने दाबा."

"उजव्याला जोर लागला नाही, डाव्याला का लागावा? आणि तुम्ही काय जोराने दाबता हो! बटण दाबता की गिरणीचा पट्टा ओढता?"

मला जे आधीच कळायला हवं होतं ते तिच्या बोटाने दाखवलं होतं. बटण नुसतं सांगतं, लाथ मारायचा जोर कॉइलचा. कमी दाबलं काय, जास्त दाबलं काय, लाथ एकसारखीच उडाली पाहिजे, जशी उजवी उडत होती. माझा अंगठा बटणावर पडला की आतलं जे काही नीट मिळत नव्हतं ते चेपून मिळायचं. दादाच्या हाताला तेवढा रेटा नव्हता. मी कॉइल बघितली, दांडू बघितला, खालच्या पत्र्या बघितल्या, पण बटणाच्या मागे बघितलं नव्हतं, कारण मी दाबल्यावर चालत होतं.

पडवीत खाटेवर दादा बसला होता. तोंड भिंतीकडे, पण ऐकत होता.

मी मशीनचं पुढचं दार उघडून हात आत घातला, डाव्या कुशीकडे. बटणाच्या मागे दोन पत्र्या असतात, बोटाच्या दाबाने एकमेकींना टेकतात आणि वीज पुढे जाते. बोट त्यांना लागलं आणि चिकटलं. बाहेर काढून बघितलं तर बोटावर पांढुरकं, थिजलेलं काहीतरी. वास घेतला. मोहाचं तेल.

आणि त्यात पीठ. माझ्या गिरणीचं.

रोज सकाळी वहिनी हात चोळायची आणि दादा तोच तेलकट हात डाव्या बटणावर नेऊन ठेवायचा. तेल बटणाच्या कडेने आत झिरपत होतं. गिरणीचं पीठ तर आमच्या घरात हवेतच असायचं, जेवणाच्या ताटात, अंथरुणात, देवाच्या फोटोवर. ते जाऊन त्या तेलावर बसलं. मोहाचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. दोन्हींची मिळून आत कणीक तयार झाली होती. मला बुधली ठेवायला लावणाऱ्या दादाने स्वतःच्याच हाताने महिनोन् महिने मशीनला तेल पाजलं होतं.

मी ते बोट त्याच्यासमोर धरलं. "घे, वास घे."

त्याने घेतला. वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? तेल चोळ असं तुम्हीच म्हणालात."

"मी हात चोळ म्हणालो होतो. मशीन नाही."

बऱ्याच दिवसांनी तो असं काही बोलला होता. वहिनीने पदर तोंडाला लावला.

समोर बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे चाचा बसायचे. घड्याळाचे भाग ते पांढऱ्या पेट्रोलने धुतात हे मला माहीत होतं. वाटीभर मागायला गेलो. त्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं. ते डोळ्याचं भिंग न काढता म्हणाले, "बरं झालं आलास. घासू नको बरं का, पॉलिश पेपर तर बिलकूल नाही, पत्रीवरचा वीज घेणारा टिकला निघून जाईल. जाड कागद भिजव, पत्र्यांच्या मधे धर, वरून दाब आणि ओढून घे. कागद साफ निघेपर्यंत." मला माहीत होतं असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. माहीत नव्हतं. वाटी घेऊन घरी आलो.

लग्नाच्या पत्रिकेचा जाड कागद घेतला. पहिली पट्टी निघाली ती पिवळी-काळी. मग दुसरी. शेवटची कोरी निघाली तेव्हा पत्र्या चकाकत होत्या. वहिनीने तिचं बोट परत टेकवलं, तसंच हळूच. डावी लाथ अशी उडाली की पडवीच्या कोपऱ्यातली कोंबडी बाहेर पळाली.

"आता तुम्ही," वहिनी म्हणाली.

दादा उठला. डावा हात आधी धोतराला पुसला, वहिनीने परत पदराने पुसला. बटणावर ठेवला. दाबला. कडक. त्याने पुन्हा पुन्हा दाबून बघितलं, गोळी न सोडता, नुसतं. मग दांडी ओढली.

इथे गोष्ट संपली असं मला त्या दिवशी वाटलं होतं. पण गोळी खाली आली, दादाने डावं बटण दाबलं, लाथ पूर्ण जोराने उडाली आणि गोळी तिच्या खालून निघून गेली. लाथ उशिरा उडाली होती. दुसरी गोळी, तेच. तिसरी, तेच. आता मशीनला नाव ठेवायला जागा नव्हती. वहिनी माझ्याकडे बघायला लागली, मी जमिनीकडे. या वेळी मी तोंड उघडलं नाही.

दादा थांबला. बराच वेळ गोळी आत जाते त्या फटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जोर आहे. पोचायला उशीर होतोय."

"म्हणजे?"

"मी म्हणतो दाब, तो थोड्या वेळाने दाबतो. जव्हारहून निघालेली एस्टी मोखाड्याला पोचते तशी. पोचते, पण वेळाने." मग स्वतःशीच हसला. "तर मग निरोप आधी पाठवायला हवा."

त्यानंतर तो जसा खेळला तसा क्लबातला कुणी साहेब खेळला नसेल. गोळी वरच्या खुंटीपाशी असतानाच तो डाव्या हाताला सांगायचा. कधी फार आधी व्हायचं, लाथ रिकामीच उडायची. कधी बरोबर. खुंटीवरून गोळी कशी वळणार हे त्याला आधीच ओळखावं लागायचं, आणि दिवसेंदिवस ते त्याला ओळखू यायला लागलं. तेलाची वेळ वहिनीने संध्याकाळवर नेली. गिरणी आणि पडवीच्या मधल्या कुडाला मी आतून गोणपाट ठोकलं. ते गोणपाट का ठोकलं हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बैठकीला आम्ही दोघंही गेलो. त्राटिकेचं नाव निघालं तेव्हा गावातले जाणते माझ्याकडे बघायला लागले, कारण दादाच्या हाताची बातमी तिथवर पोचली होती. दादा म्हणाला, "मीच." एक म्हातारा म्हणाला, "हात?" दादाने डावा हात वर केला. सावकाश, पण वर केला, आणि कानाच्या वर नेऊन धरून ठेवला, मुखवट्याची कड असते तिथे. म्हातारा पुढच्या सोंगाकडे वळला.

होळीच्या आधी दुपारी देवळासमोर सराव असतो, मुखवट्याशिवाय, डोक्यावर बांबूची पाटी बांधून. संबळ वाजवणारा आमचा लांबचा काका. दोन फेऱ्या झाल्या आणि त्याने संबळ थांबवला. "अरे, तुझा डावा हात तालाच्या आधी निघतोय."

"निघतोच," दादा म्हणाला. "तू तुझा वाजव. तो पोचेल वेळेवर."

काकाने माझ्याकडे बघितलं, मी काय बोलतो म्हणून. मी म्हणालो, "वाजव काका." त्याने वाजवला. मी हाताकडेच बघत होतो. प्रत्येक ठोक्याला तो हात बरोबर डोक्यावरच्या पाटीच्या कडेला होता.

दादाने पुढे बरीच वर्षं त्राटिका नाचवली. मग ती माझ्याकडे आली, त्याने स्वतः मुखवटा माझ्या डोक्याला बांधला. मशीन उंदरांनी वायरी खाल्ल्यावर गेलं, त्याचे पाय अजून माडीवर आहेत, त्यांवर फळी टाकून बायको कांदे पसरते. दादा आता नाही. वहिनी आहे.

हल्ली माझा हातही कपापर्यंत पोचायला वेळ घेतो. सून म्हणते डॉक्टरकडे चला. जाईन सवडीने. चहा गाळल्याचा आवाज आला की मी हात आधी पाठवून देतो, तो पोचेपर्यंत कप येतोच.